समजून दिलेला होकार



११ फेब्रुवारी हा लुर्डच्या मातेचा सण. १९९२ साली पोप जॉन पॉल दुसरे यांनी हाच दिवस जागतिक रुग्णदिन म्हणून ठरवून दिला. या दिवशी आपण आजाऱ्यांसाठी मिस्सा अर्पण करतो, रुग्णाभ्यंग देतो, अंथरुणाला खिळलेल्यांना घरी जाऊन भेटतो. त्या निमित्ताने आज एका साध्या दिसणाऱ्या प्रश्नाचा विचार करू या. आजारी माणूस ऑपरेशनच्या कागदावर सही करतो, तेव्हा त्याने खरोखर होकार दिलेला असतो का?

तो कागद आपण सर्वांनी पाहिला आहे. दोन-तीन पाने, बारीक अक्षर, भाषा बहुधा इंग्रजी. मराठी असलीच तर ती कोर्टाच्या कागदासारखी. रात्रीची वेळ, पेशंट ट्रॉलीवर आणि काउंटरवर डिपॉझिट भरायची घाई. नातेवाइकांतला जरा शिकलेला जावई पुढे होतो आणि एकच प्रश्न विचारतो, "सही कुठे करू?" नर्सबाई बोट ठेवतात आणि सही होते. कायद्याच्या दृष्टीने कागद पूर्ण झाला. पण ज्याच्या पोटावर सुरी चालायची आहे, त्याला काय कळले?

जाणीव आणि इच्छा

सेमिनरीत तत्त्वज्ञानाच्या पहिल्याच वर्षी एक भेद शिकवतात. माणसाकडून जे जे घडते ते सगळेच 'मानवी कृत्य' नव्हे. झोपेत आपण कूस बदलतो, धूळ गेली की शिंकतो. ते आपल्याकडून घडते, पण ते आपण 'केले' असे कोणी म्हणत नाही. जाणून आणि इच्छेने जे केले जाते तेच माणसाचे खरे कृत्य. धर्मशिक्षणाच्या वर्गात आपण मुलांना सांगतो की, गंभीर पाप घडायला पूर्ण जाणीव आणि पूर्ण संमती लागते. जी अट पापाला लागू, तीच चांगल्या निर्णयालाही लागू.

विवाहाचेच पाहा ना. लग्नाआधी धर्मगुरू वधूला आणि वराला वेगवेगळे बसवून विचारतात, तुझ्यावर कोणी दबाव आणला आहे का, कशाला होकार देतो आहेस ते तुला ठाऊक आहे का? मंडप उभारलेला असो, केक सांगितलेला असो, हा प्रश्न टळत नाही. होकारात जाणीव नसेल तर तो होकारच नव्हे, असे ख्रिस्तसभा मानते. मग गर्भाशय काढायचे, पाय कापायचा, हृदयावर शस्त्रक्रिया करायची, अशा निर्णयांना कमी जाणीव पुरेल काय?

२४ नोव्हेंबर १९५७ रोजी पोप पायस बारावे यांनी भूलतज्ज्ञांसमोर भाषण केले. कृत्रिम श्वासाची यंत्रे तेव्हा नवीन होती. त्या भाषणात त्यांनी एक गोष्ट स्पष्ट केली. डॉक्टरला रुग्णावर स्वतंत्र असा कोणताही अधिकार नाही. रुग्ण त्याला उघडपणे किंवा न बोलता जी परवानगी देतो, तेवढाच त्याचा अधिकार. ख्रिस्तसभेचा धर्मशिक्षण ग्रंथही सांगतो की, उपचार चालू ठेवावेत की थांबवावेत हा निर्णय रुग्ण सक्षम असेल तर त्यानेच घ्यायचा असतो.

आपल्या देशाचा कायदाही याच दिशेने गेला आहे. जानेवारी २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एक महत्त्वाचा निकाल दिला. एक महिला दुर्बिणीतून तपासणी करून घेण्यासाठी दाखल झाली होती. ती भुलेखाली असताना तिच्या आईची संमती घेऊन डॉक्टरांनी तिचे गर्भाशय व बीजाशय काढून टाकले. न्यायालयाने म्हटले, की मुलगी सज्ञान आहे, जिवाला तातडीचा धोका नव्हता, तेव्हा आईची संमती ही तिची संमती होऊ शकत नाही. संमती घेण्यापूर्वी उपचार काय, फायदे काय, धोके काय, दुसरा मार्ग कोणता आणि उपचार न केल्यास काय होईल, हे रुग्णाला पुरेसे सांगितले पाहिजे.

सांगितले पाहिजे, हे झाले. पण सांगितलेले कळले पाहिजे, याचे काय?

शब्द कुठे कमी पडतात

डॉक्टर म्हणतात, "थोडा धोका आहे." हे 'थोडा' म्हणजे किती? डॉक्टरच्या मनात शंभरात एक असेल. ऐकणाऱ्या बाईच्या मनात शेजारची मावशी असेल, जी त्याच ऑपरेशननंतर घरी आलीच नाही. दोघेही एकच शब्द वापरतात आणि दोन वेगळ्या गोष्टी पाहतात. डॉक्टरने "दहा पर्सेंट" म्हटले तरी फारसा फरक पडत नाही. आपल्या जुन्या माणसांचा 'शेकडा' हा शब्द या बाबतीत जास्त प्रामाणिक होता. 'शेकडा दहा' म्हटले की शंभराचा ढीग आणि त्यातले दहा डोळ्यांसमोर येतात. 'दहा टक्के' म्हटले की नुसता आकडा कानावरून जातो.

शिवाय तोच आकडा दोन तऱ्हांनी सांगता येतो. १९८२ साली अमेरिकेतील एका नामांकित वैद्यकीय नियतकालिकात एक अभ्यास प्रसिद्ध झाला. फुफ्फुसाच्या कॅन्सरवर ऑपरेशन करावे की किरणोपचार घ्यावेत, असा प्रश्न लोकांना विचारला गेला. काहींना सांगितले, ऑपरेशन केलेल्या शंभर जणांपैकी नव्वद जण त्यातून वाचतात. काहींना सांगितले, शंभरांपैकी दहा जण दगावतात. गोष्ट एकच आहे. तरी 'दगावतात' हा शब्द ऐकणाऱ्यांनी ऑपरेशन कमी पसंत केले. गंमत म्हणजे प्रश्न विचारलेल्यांत डॉक्टरही होते आणि तेही असेच फसले. म्हणजे हा अडाणीपणाचा दोष नाही, माणसाच्या मनाची घडणच तशी आहे.

आता एक कोरा कागद घ्या. त्यावर दहा ओळींत दहा-दहा ठिपके काढा. प्रत्येक ठिपका म्हणजे एक माणूस. त्यातले दहा रंगवा. आता नव्वद आणि दहा दोन्ही एकाच वेळी डोळ्यांसमोर आहेत. सांगणाऱ्याला नव्वद लपवता येत नाहीत आणि दहाही लपवता येत नाहीत. रुग्णाला समजावून सांगण्यासाठी जगभर आता अशी ठिपक्यांची किंवा माणसांच्या आकृत्यांची चित्रे वापरतात. दोन उपचार असतील तर दोन कागद शेजारी शेजारी ठेवायचे, दोन्हींवर ठिपके सारखेच. अशा साहित्याच्या शंभराहून अधिक चाचण्यांचा एकत्रित आढावा २०१७ साली प्रसिद्ध झाला. हे साहित्य वापरणाऱ्यांना आपल्यापुढील पर्याय अधिक चांगले कळतात आणि धोक्याचा अंदाजही अधिक बरोबर येतो, असे त्यात दिसले.

संत थॉमस अक्वायनस यांना याचे नवल वाटले नसते. 'सुम्मा थिऑलॉजी' या त्यांच्या ग्रंथाच्या पहिल्या भागात, चौऱ्याऐंशिव्या प्रश्नात ते म्हणतात की, देहात राहणाऱ्या माणसाची बुद्धी चित्राच्या आधाराशिवाय काही समजूच शकत नाही. ते वाचकालाच पडताळा पाहायला सांगतात: काही समजून घ्यायचे असले की आपण मनात चित्र उभे करतो, आणि दुसऱ्याला समजावायचे असले की उदाहरणे देतो, म्हणजे त्यानेही चित्र उभे करावे. त्याच्याही सहाशे वर्षे आधी पोप ग्रेगरी थोर यांच्यापुढे असाच प्रश्न आला होता. मार्सेच्या बिशपांनी चर्चमधील चित्रे फोडून टाकली होती. पोपनी त्यांना लिहिले की, चित्रांची पूजा होऊ नये हे योग्य, पण ती फोडणे योग्य नव्हे. ज्याला वाचता येते त्याला पुस्तकातून जे मिळते, ते न वाचणाऱ्याला चित्रातून मिळते. आपल्या चर्चच्या भिंतींवर क्रूसाच्या वाटेची चौदा स्थाने आहेत ती काय केवळ शोभेसाठी? ज्या आजीला कधी पाटी मिळाली नाही, तिलाही त्या चौदा चित्रांतून प्रभूचे दुःखसहन पाठ आहे. तिला शंभर ठिपके कळणार नाहीत असे कोण म्हणेल? ठिपके नको असतील तर ताटात वालाचे शंभर दाणे मांडा. नाहीतर दोन रोझरी घ्या. पाच दशकांचे पन्नास आणि पन्नास, झाले शंभर मणी.

खऱ्या आकड्याची फसवणूक

चित्राचा आग्रह का धरायचा, हे इंग्लंडमधील एका घटनेवरून कळेल. ऑक्टोबर १९९५ मध्ये तेथील औषध सुरक्षा समितीने इशारा दिला की, संततिनियमनाच्या काही नव्या गोळ्यांमुळे रक्ताची गाठ होण्याचा धोका दुपटीने, म्हणजे शंभर टक्क्यांनी वाढतो. संततिनियमनाविषयी ख्रिस्तसभेची शिकवण आपल्याला ठाऊक आहे. येथे मुद्दा वेगळा आहे. शंभर टक्के हा शब्द ऐकून घबराट उडाली. पुष्कळ स्त्रियांनी मध्येच गोळ्या बंद केल्या. नको असलेली गर्भारपणे वाढली आणि पुढील वर्षात इंग्लंड व वेल्समध्ये सुमारे १३,००० जादा गर्भपात झाले, असा अंदाज आहे. आणि तो शंभर टक्के धोका प्रत्यक्षात किती होता? आधी सात हजारांत एकीला होत होते, नव्या गोळ्यांनी ते सात हजारांत दोघींना होऊ लागले. खुद्द गर्भारपणात रक्ताची गाठ होण्याचा धोका याहून जास्त असतो!

आकडा खोटा होता काय? मुळीच नाही. एकाचे दोन झाले म्हणजे शंभर टक्केच वाढ. पण सात हजार ठिपक्यांचा एक मोठा कागद काढून त्यात एकाऐवजी दोन ठिपके रंगवून दाखवले असते, तर ते तेरा हजार जीव कदाचित वाचले असते. खरे शब्द वापरूनही माणसाला फसवता येते, हे नीतिशास्त्राला जुनेच माहीत आहे. ओठावर अर्धे वाक्य आणि मनात उरलेले अर्धे, अशी पळवाट काही पंडितांनी काढली होती. १६७९ साली पोप इनोसंट अकरावे यांनी ती धिक्कारली. 'धोका दुप्पट' म्हणून सांगायचे आणि 'कशाच्या दुप्पट' ते मनात ठेवायचे, ही तीच पळवाट.

दूर कशाला जायचे? २०१९ साली आपल्या महाराष्ट्रात बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार महिलांचा प्रश्न पुढे आला. राज्य सरकारने नेमलेल्या समितीने ८२ हजारांहून अधिक महिलांची पाहणी केली. त्यांतील १३ हजारांहून अधिक महिलांचे गर्भाशय काढलेले होते. त्यामागे गरिबी होती, मुकादमाचा दंड होता, रोज बुडण्याची भीती होती. पण अनेक बायकांनी हेही सांगितले की, पिशवी काढली नाही तर कॅन्सर होईल असे त्यांना डॉक्टरांनी सांगितले होते. 'होईल!' शंभरात कितींना, हजारात कितींना, किती वर्षांत? दुसरे औषध आहे का? काढल्यावर हाडांचे काय, कंबरेचे काय? त्यांच्यापुढे वालाचे दाणे कोणी मांडले नाहीत. अंगठा मात्र घेतला. कागदावर तो होकार आहे. पण ज्या होकारात जाणीव नाही, त्याला आपण कृत्य म्हणत नाही हे वर पाहिलेच.

ठिपक्याचा रंग

चित्र काढले की प्रश्न सुटला, असे मात्र समजू नये. चित्राचीही एक मर्यादा आहे आणि श्रद्धावंतांना ती विशेष ओळखता आली पाहिजे.

गर्भारपणाच्या तिसऱ्या-चौथ्या महिन्यात हल्ली 'डबल मार्कर' नावाची रक्ततपासणी करतात. रिपोर्ट येतो, त्यावर ठळक अक्षरात 'हाय रिस्क' आणि खाली '१:२००'. अर्थ असा की, बाळाला डाऊन सिंड्रोम असण्याची शक्यता दोनशेत एक. बहुतेक प्रयोगशाळा अडीचशेत एक ही सीमा धरतात आणि तिच्या अलीकडे आले की 'हाय रिस्क' छापतात. हा कागद हातात घेऊन तरुण जोडपी रडत धर्मगुरूकडे येतात. सासूबाई म्हणतात, "फादर, डॉक्टरांनी बाळात दोष आहे म्हणून सांगितलं." डॉक्टरांनी बहुधा तसे सांगितलेले नसते, पण ऐकू तेच आलेले असते.

अशा वेळी दोनशे ठिपके काढावेत. एक रंगवावा. आणि उरलेले एकशे नव्व्याण्णव त्या आईला बोटाने मोजू द्यावेत. निम्मी भीती तिथेच ओसरते. यापुढची पक्की तपासणी सुईने गर्भजल काढून करतात आणि त्या तपासणीतही गर्भ पडण्याचा थोडा धोका असतो. पूर्वी तो दोनशेत एक सांगत. अलीकडच्या अभ्यासांत तो त्याहून कमी आढळला आहे. त्याचाही कागद शेजारी ठेवावा. म्हणजे कशाच्या बदल्यात काय, हे त्या दोघांना दिसेल.

पण आता त्या एका रंगवलेल्या ठिपक्याकडे पाहू. तो आपण लाल का रंगवला? ऑपरेशनच्या कागदावर लाल ठिपका म्हणजे मृत्यू होता. इथे तोच लाल रंग एका जिवंत बालकाला दिला. त्याचे डोळे जरा तिरके असतील, ते उशिरा बोलेल, शाळेत मागे राहील, कदाचित हृदयाचे ऑपरेशन लागेल. आईबापांना कष्ट पडतील. ते कमी लेखण्याचे कारण नाही. पण ते बाळ म्हणजे धोका नव्हे. रंग देणाऱ्याने ठिपके मोजण्याआधीच निवाडा करून टाकला, आणि पाहणाऱ्याला तो निवाडा आकड्याइतकाच पक्का वाटतो. म्हणून अशा चित्रापुढे बसताना दोन प्रश्न वेगळे ठेवावेत. किती वेळा घडते, हे चित्र सांगेल. जे घडेल त्याचे मोल काय, हे चित्र सांगू शकत नाही. ते सदसद्विवेकबुद्धीला विचारावे लागते. निष्पाप जिवाची हत्या करू नये, ही शिकवण दोनशेत एक असो की दोनात एक, तशीच राहते. हा निर्णय मोजणीतून निघत नाही.

संत लूकच्या शुभवर्तमानात शंभर मेंढरांचा दाखला आहे. नव्व्याण्णव सुखरूप आहेत, एक हरवले आहे. शेकड्याच्या हिशेबात एक म्हणजे फारच थोडे. मेंढपाळाला तसे वाटले नाही. त्याला ते एक मेंढरू आवाजाने आणि चालीने माहीत होते. ठिपक्यांचा कागद काढणाऱ्या प्रत्येकाने हा दाखला मनात ठेवावा.

हे शंभर कोण?

आणखी एक गोष्ट. कोणताही माणूस शेकडा एक आजारी नसतो. एक तर त्याला ते होईल, नाहीतर होणार नाही. चित्र शंभरांविषयी बोलते. तुमच्याविषयी ते एवढेच म्हणते की तुमच्यासारखे शंभर जण असते तर काय झाले असते. म्हणून 'तुमच्यासारखे' म्हणजे कोण हे विचारायला हवे. ते शंभर जण साठीचे की ऐंशीचे? त्यांना डायबेटिस होता का? ते लंडनचे की आपल्याकडचे? ऑपरेशन रोज पाच करणाऱ्या सर्जनचे की वर्षातून पाच करणाऱ्याचे? एका वर्षातले सांगता आहात की दहा वर्षांतले? हे न विचारता मांडलेले दाणे पाहायला छान, पण दुसऱ्याच कोणाचे असतील.

चित्र भीती घालण्यासाठीही वापरता येते, हेही लक्षात ठेवावे. सिगारेटच्या पाकिटावर २००९ पासून चित्रे आहेत आणि २०१६ पासून त्यांनी पाकिटाचा ८५ टक्के भाग व्यापला आहे. सडलेला जबडा पाहून कोणी सिगारेट टाकली तर उत्तमच. तेथे उत्तर एकच आहे, तंबाखू सोड. पण गुडघा बदलावा की व्यायाम व गोळ्यांवर आणखी दोन वर्षे काढावीत, या प्रश्नाचे उत्तर एक नाही. एकाला शेतात वाकायचे आहे, दुसऱ्याला फक्त मिस्साला चालत जायचे आहे. एकाकडे पैसा आहे, दुसऱ्याला त्यासाठी जमीन विकावी लागेल. तेथे झिजलेल्या हाडाचा रंगीत फोटो दाखवून माणसाला ढकलणे म्हणजे त्याच्या निर्णयावर हात मारणे होय.

काही शंका

"फादर, ओपीडीत शंभर पेशंट असतात, दाणे मांडायला वेळ कुठला?" डॉक्टरांची ही अडचण खरी आहे. पण एकदा छापलेला कागद वर्षभर चालतो, आणि तो समजावायला नर्स, समाजसेविका किंवा प्रशिक्षित स्वयंसेवकही चालेल. पाच मिनिटे वाचवून आयुष्यभराचा अविश्वास विकत घेणे हा महाग सौदा आहे. डॉक्टरांवर हात उगारण्याच्या घटना आपण पेपरात वाचतो. मारहाणीचे समर्थन कधीच होऊ शकत नाही. पण "आम्हाला काही सांगितलंच नाही" हे त्यामागचे वाक्य पुष्कळदा खरे असते.

"आजाऱ्याला सगळे सांगितले तर तो खचेल." आपल्या घरांत हे प्रेमाने म्हटले जाते. बाबांना कॅन्सर आहे, सगळ्या गावाला ठाऊक, फक्त बाबांना नाही. सत्य सांगताना वेळ पाहावी, मात्रा पाहावी, शब्द मऊ असावेत, हे मान्य. कोणी म्हणाले, "डॉक्टर, मला आकडे नकोत, तुम्ही आणि माझी मुले ठरवा," तर तोही त्याचा निर्णय आहे आणि त्याचा मान राखावा. पण हे त्याने म्हणायला हवे. त्याच्या वतीने आपण म्हणू नये. ज्याला आपला आजार माहीत नाही त्याला पापनिवेदन करता येत नाही, भावाशी तुटलेले जोडता येत नाही, जमिनीचे कागद नीट करता येत नाहीत. दयेपोटी आपण त्याची तयारीच हिरावून घेतो.

"मग डॉक्टरांनी सल्ला देऊच नये का?" जरूर द्यावा. "तुमच्या वडिलांचं असतं तर तुम्ही काय केलं असतं?" हा प्रश्न आपले लोक विचारतात आणि तो शहाणा प्रश्न आहे. अक्वायनस शहाणपणाच्या सद्गुणात सल्ला घेण्याला मोठे स्थान देतात. फक्त क्रम सांभाळावा. आधी दाणे मांडावेत, मग मत सांगावे. आधी मत सांगून मग त्याला पोषक तेवढेच दाणे मांडले तर तो सल्ला राहत नाही.

आपण काय करू शकतो

आपल्यापैकी कोणालाही उद्या डॉक्टरसमोर बसावे लागेल. तेव्हा एक वही बरोबर न्यावी आणि नम्रपणे विचारावे: माझ्यासारख्या शंभर जणांनी हा उपचार घेतला तर कितींना गुण येतो आणि कितींना त्रास होतो? शंभर जणांनी घेतला नाही तर काय होते? हे किती दिवसांत वा वर्षांत? दुसरा मार्ग कोणता? आणि आजच ठरवणे जरुरीचे आहे का? उत्तर मिळेल तसे वहीत ठिपके काढावेत. मग घरी सर्वांसमोर, आजाऱ्याच्या हातात ती वही देऊन बोलावे. अपघात, झटका, प्रसूतीतील रक्तस्राव अशा वेळी मात्र वही काढत बसू नये. तेथे आधी जीव वाचवू द्यावा. आणि अंगावर गाठ लागली, रक्त पडले, तर शक्यता मोजत घरी थांबू नये, तपासणीला जावे. ठिपके निर्णयासाठी आहेत, दिरंगाईसाठी नाहीत.

आपल्या धर्मग्रामात डॉक्टर आहेत, नर्सेस तर घरोघरी आहेत. त्यांना माझी एक विनंती आहे. नेहमीच्या चार-पाच ऑपरेशनांसाठी आणि तपासण्यांसाठी मराठीत असे साधे कागद तयार करा. ठिपके सारखे, दोन्ही बाजू दाखवणारे, वर्षे लिहिलेले. लाल रंग जपून वापरा. हॉलची खोली आणि कागदाचा खर्च धर्मग्राम देईल.

बुरूज बांधायला निघालेल्या माणसाचा दाखला प्रभू येशूने सांगितला आहे. शहाणा माणूस आधी खाली बसतो आणि खर्चाचा हिशेब करतो, नाहीतर पाया घालून काम अर्धवट राहते. त्या दाखल्यात हिशेबाआधी 'बसणे' आले आहे. येत्या रुग्णदिनी आपण आजाऱ्यांना फळे देऊ, त्यांच्यासाठी प्रार्थना करू. त्यांच्यापैकी कोणापुढे निर्णय असेल तर त्याच्या शेजारी थोडा वेळ बसू या आणि त्याला त्याच्या भाषेत, त्याच्या डोळ्यांना दिसेल असे, खरे काय ते समजावून देऊ या. मग तो जे ठरवील ते त्याचे स्वतःचे असेल, आणि प्रभूपुढे तो ते आपले म्हणून ठेवू शकेल.

प्रभू आपल्या सर्व आजाऱ्यांना आणि त्यांची सेवा करणाऱ्यांना आशीर्वादित करो.